नवीन फाउंटन पेन आलं? फोटो पाठवायच्या आधी एक शाई संपवा

नवीन पेनाचा डबा हातात आला की आधी मोबाईल बाहेर निघतो, डबा उघडताना एक फोटो, टोपण काढून एक, निबेचा जवळून एक, आणि दहा मिनिटांत ते सगळं पेनवाल्या मित्रांना गेलेलं असतं. मी पण बरीच वर्षं हेच केलं, आता नाही करत. आता माझा नियम असा की फोटो त्याच दिवशी काढायचे, कारण एकही ओरखडा नसलेलं पेन पुन्हा तसं दिसणार नाही, पण पाठवायचे नाहीत. आधी त्यात शाई भरायची, ती लिहून लिहून पूर्ण संपवायची, आणि मग काय ते सांगायचं.

याला कारण आहे. एकदा मी सोन्याच्या निबेचं बऱ्यापैकी महाग पेन घेतलं, आलं त्याच संध्याकाळी भरभरून कौतुक लिहून मित्रांना पाठवलं, आणि ते वाचून एकाने तेच पेन, त्याच निबेचं मागवलं. चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पेन दोन मिनिटं थांबवून पुन्हा टेकवलं की पहिली रेघ उमटतच नाही, दुसऱ्यांदा गिरवावी लागते. त्याच्या पेनाचंही तेच. तो मला एका शब्दाने बोलला नाही, पण मला फार लागलं, कारण त्याने पैसे माझ्या शब्दावर घातले होते. कंपनीच्या साइटवर चकचकीत फोटो असतातच, आपल्याकडून लोकांना हवं असतं ते हे, की रोज हातात धरून लिहिणाऱ्याचा अनुभव काय. तो पहिल्या दिवशी आपल्याकडेच नसतो.

आधी एक धागा ठरवा

महागडी पेनं जमवायची म्हटलं की बहुतेक जण ब्रँडची यादी करतात, एक मॉंब्लां, एक पेलिकन, एक सेलर, एक ऑरोरा, आणि मग प्रत्येकावर टिकमार्क. वाईट काही नाही त्यात, पण माझा अनुभव असा की पाच-सहा पेनांनंतर पुढचं का घ्यायचं हे स्वतःलाच सांगता येत नाही आणि खरेदी नुसती सवय होऊन बसते. त्यापेक्षा एक धागा धरा. कुणी मटेरियल धरतं, म्हणजे एबोनाइट (कडक केलेलं रबर), सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक), उरुशी या जपानी लाखेचं काम. कुणी एकाच घराची एकच मालिका धरतं, जसं पेलिकनच्या सुव्हरेनमध्ये एम ४०० पासून एम १००० पर्यंत चढत जाणारे आकार, आणि ती चारही पेनं शेजारी ठेवून लिहिली की आपल्या हाताला नक्की कुठला आकार बसतो ते कायमचं कळून जातं. एम ४०० हातात आहे की नाही कळत नाही इतकं हलकं, आणि एम ८०० मध्ये पिस्टनचा, म्हणजे शाई ओढणाऱ्या दट्ट्याचा भाग पितळेचा असल्याने वजन मागच्या बाजूला जाणवतं, काहींना ते फार आवडतं, काहींचं मनगट दुखतं.

मी स्वतः शाई भरायच्या पद्धती जमवतो. याचं मला खरंच वेड आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

फाउंटन पेनाचा सगळा इतिहास एका अडचणीभोवती फिरतो, शाई बाहेर यायची तर तितकीच हवा आत जायला हवी, आणि हे नीट जमलं नाही की एक तर पेन कोरडं पडतं नाही तर कागदावर डबकं. १८८४ मध्ये लुईस वॉटरमनने ज्या फीडचं पेटंट घेतलं, फीड म्हणजे निबेच्या पोटाखालची ती काळी पट्टी, त्यात बारीक खाचा पाडून ही देवघेव जमवली होती. पण भरायचं कसं हा प्रश्न उरलाच, तेव्हा ड्रॉपरनेच भरायचे. पुढे वॉल्टर शेफर नावाच्या अमेरिकन जवाहिऱ्याने लिव्हरची युक्ती काढली, १९०८ चं पेटंट, पेनाच्या अंगावरची छोटी पट्टी नखाने उचलली की आतली रबरी पिशवी दाबली जाते आणि सोडली की शाई ओढून घेते. १९२९ मध्ये पेलिकनने पिस्टनचं पेन आणलं, मागचा खुंटा फिरवला की आतला दट्ट्या वरखाली होतो, रबरी पिशवीच नाही, त्यामुळे अख्खी नळी शाईला मोकळी. आजही महागड्या जर्मन आणि इटालियन पेनांत तीच पद्धत आहे. १९३३ चं पार्कर व्हॅक्युमॅटिक, आत रबराचा पडदा, मागचं बटण सात-आठ वेळा दाबायचं, आणि बाहेरून सेल्युलॉइडच्या पट्ट्यापट्ट्यांतून शाई किती राहिली ते दिसतं, इतकं देखणं पेन फार कमी वेळा बनलंय. आणि मग १९५२ चं शेफर स्नॉर्केल, यात निबेखालून एक बारीक नळी बाहेर येते आणि तेवढीच शाईत बुडवायची, निब कोरडीच राहते, पुसायला लागत नाही. एवढ्याशा सोयीसाठी आत केवढी यंत्रणा बसवलीय ते उघडून बघितलं की त्या माणसांबद्दल आदरच वाटतो.

अशी पाच-सहा पेनं असली की तुमच्याकडे सांगायला गोष्ट असते. नवीन पेन दाखवताना "हे घेतलं" एवढंच न म्हणता "हे आधीच्या पेनानंतर का आलं" हे सांगता येतं, आणि वाचणाऱ्याला त्यात रस वाटतो.

निबेबद्दल, कारण शेवटी लिहायचं तिनेच आहे

महाग पेन म्हणजे सोन्याची निब, आणि सोन्याची निब म्हणजे मऊ लिखाण, हा समज फार पसरलाय. कागदाला सोनं टेकतच नाही. टोकावर एक कडक मिश्रधातूचा कण जोडलेला असतो, बोलताना त्याला इरिडियम म्हणतात, तो टेकतो, आणि तो स्टीलच्या चांगल्या निबेवरही असतो. गुळगुळीतपणा त्या कणाच्या पॉलिशवर ठरतो. सोन्याचा खरा फायदा म्हणजे शाईने ते गंजत नाही, आणि निब पातळ व लांब घडवली असेल तर दाबल्यावर थोडी लवते, पण सोनं असूनही खिळ्यासारख्या ताठ निबा भरपूर आहेत. निबेवर ५८५ लिहिलं असेल तर १४ कॅरेट, ७५० म्हणजे १८, आणि सेलरच्या बऱ्याच निबा २१ कॅरेटच्या असतात, तिथे ८७५. जास्त कॅरेट म्हणजे जास्त चांगली असं अजिबात धरू नका.

जाडीचं बघताना जपानी एफ (फाइन, म्हणजे बारीक) आणि युरोपियन एफ एक नाहीत हे लक्षात ठेवा. जपानी निबा साधारण एक पायरी बारीक असतात. आणि आपण देवनागरी लिहितो हे विसरून निब निवडू नका ही माझी कळकळीची विनंती, कारण इंग्रजीत लिहून केलेले रिव्ह्यू वाचून लोक एम (मध्यम) किंवा बी (जाड) मागवतात आणि मग "राष्ट्र" लिहिलं की खालचा ष्ट्र गच्च भरून काळा ठिपका. अक्षर बारीक असेल तर जपानी एफ, मोठं असेल तर एम. स्टब निब, म्हणजे सपाट कापलेली, उभी रेघ जाड आणि आडवी बारीक काढते, त्यामुळे काना ठसठशीत येतो आणि शिरोरेखा नाजूक. आर्किटेक्ट ग्राइंड याच्या बरोबर उलटं, आडवी जाड, त्यात शिरोरेखा भक्कम बसते आणि पूर्ण ओळ छान टांगल्यासारखी दिसते. मला दुसरं जास्त आवडतं. पण स्टब असो की आर्किटेक्ट, रोज वहीत बारीक अक्षरात लिहिणाऱ्याने यातलं पहिलं पेन म्हणून घेऊ नये.

घेताना काय बघायचं

नवीन घेत असाल तर सगळ्यात महत्त्वाचं एकच, परत करायची मुदत आणि निब बदलून मिळते का ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. काही कंपन्या ठराविक दिवसांत निबेची जाडी बदलून देतात, पण बऱ्याचदा अट असते की पेन शाईत बुडवलेलं नसावं किंवा फक्त टोक बुडवून बघितलेलं चालेल. ती अट माहीत नसताना पूर्ण भरून टाकलं की संपलं.

लिमिटेड एडिशनबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. मॉंब्लांने १९९२ मध्ये पेट्रन ऑफ आर्ट मालिकेतलं पहिलं पेन, लोरेन्झो दे मेदिची, काढलं ते ४८१० नग, आणि ४८१० का तर मॉंब्लां शिखराची उंची तेवढे मीटर, जी त्यांच्या माइस्टरश्टुक मालिकेच्या निबेवरही कोरलेली असते. प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या ३७७६ नावाच्या पेनाचं पण तसंच, ती फुजी पर्वताची उंची. असे आकडे कळले की पेन आणखी जवळचं वाटतं. पण नगांची संख्या कमी आहे एवढ्यासाठीच पेन घेऊ नका, त्याच मॉडेलचं साधं पेन आधी कुणाचं तरी हातात घेऊन लिहून बघा, कारण एडिशन कितीही सुंदर असली तरी आतली निब आणि फीड बहुतेक वेळा नेहमीचीच असते.

जुनं पेन घेताना दहा पट मोठं दाखवणारं भिंग पाहिजेच, जवाहिरे वापरतात ते. आधी टोपणाची कड बघा, केसासारखी चीर बहुतेक तिथेच असते, पट्टीच्या आसपास, आणि ती फोटोत दिसत नाही, पेन उजेडासमोर धरून गोल फिरवावं लागतं. मग निबेचे दोन्ही काटे, म्हणजे मधल्या फटीच्या दोन बाजू, समोरून एका रेषेत आहेत का, टोकावरचा कण दोन्ही बाजूंना सारखा आहे का, की एका बाजूने झिजलाय. एबोनाइटचं काळं पेन उन्हाने तपकिरी-हिरवट होतं, टोपणाखालचा झाकलेला भाग काळाभोर आणि बाकी विटलेलं असेल तर खरं एबोनाइट आहे एवढं तरी नक्की. कुणी ते घासून पुन्हा काळं केलेलं असेल तर कोरलेली अक्षरं पुसट झालेली दिसतात, मग मी ते घेत नाही. रबरी पिशवीचं पेन असेल तर पिशवी कडक झालीय असंच धरून चाला, ती बदलता येते, फारसं अवघड काम नाही, पण व्हॅक्युमॅटिकचा पडदा बदलायला खास अवजार लागतं त्यामुळे ते जाणकाराकडेच द्या.

मी एकदा फक्त फोटो बघून जुनं सेल्युलॉइडचं पेन घेतलं आणि आल्यावर थ्रेडपाशी, म्हणजे टोपण फिरवून बसतं त्या आट्यांपाशी, चीर निघाली, विकणाऱ्याने सांगितलीच नव्हती. तेव्हापासून मी विकणाऱ्याकडून चार फोटो मागतोच, टोपणाची कड, थ्रेड, निब समोरून, निब वरून. जो देत नाही त्याच्याकडून घेत नाही.

नकली पेनांमध्ये मॉंब्लां सगळ्यात जास्त. अलीकडच्या खऱ्या पेनाच्या क्लिपच्या कड्यावर सीरियल नंबर असतो, क्लिपच्या खालच्या बाजूला पिक्स असं कोरलेलं असतं, आणि माइस्टरश्टुक १४९ या मॉडेलचं काळं रेझिन प्रखर उजेडासमोर धरलं तर लालसर झाक दिसते. पण नकली बनवणारे आता नंबरही कोरतात, त्यामुळे एका खुणेवर विसंबू नका. निब बघा, नकलीत कोरीव काम उथळ आणि कडा ओबडधोबड, आणि आत पिस्टनऐवजी कन्व्हर्टर, म्हणजे काढता येणारी शाईची सुटी नळी, निघाला तर १४९ असूच शकत नाही.

पहिला दिवस

डबा उघडला, फोटो काढले, आता लगेच शाई नको. आधी साध्या पाण्याने धुवा, नव्या पेनात कधीकधी मशीनचं तेल राहिलेलं असतं आणि त्यामुळे शाई अडखळते. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, त्याने तीन-चार वेळा भरून रिकामं करायचं, मग नुसत्या पाण्याने. पाणी कोमट चालेल पण गरम कधीच नाही, एबोनाइट आणि सेल्युलॉइड गरम पाण्याने खराब होतात. अल्कोहोल, सॅनिटायझर असलं काहीही लावायचं नाही.

मग भिंगाखाली निब. काटे सरळ असतील तर भरा. पहिली शाई साधी, नीट वाहणारी, धुतली जाणारी घ्या, वॉटरमनची सेरेनिटी ब्लू, पेलिकनची ४००१, पायलटची इरोशिझुकु, यातली कुठलीही. कारण पेनाची परीक्षा घ्यायची असेल तर शाई ओळखीची पाहिजे, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही. मी प्रत्येक नव्या पेनाला पहिल्यांदा तीच एक निळी शाई भरतो. चमकीच्या शाया पिस्टनच्या महाग पेनात घालू नका, चमकी फीडच्या खाचांत बसते आणि पेन सहज उघडता येत नसल्याने निघत नाही. आयर्न गॉल शाई, जी कागदावर हवेने काळी पडत जाते आणि पाण्याने जात नाही, ती मला मनापासून आवडते पण दोन-तीन आठवड्यांत पेन धुवायचंच हे पाळणार असाल तरच. पिगमेंटच्या, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेल्या शायांचं पण तसंच, आत वाळल्या की काढणं फार कठीण. आणि दोन शाया एकमेकींत मिसळायच्या नाहीत, एकाच कंपनीच्या असल्या तरी.

तुम्हाला मी वर सांगितलेला प्रकार दिसला, म्हणजे थांबून टेकवलं की पहिली रेघ कोरडी, तर बऱ्याचदा टोक जास्त पॉलिश झालेलं असतं, दोन्ही काट्यांच्या आतल्या कडा गोल झालेल्या असतात आणि शाई कागदापर्यंत पोचायच्या आधीच अडते. याला बेबीज बॉटम म्हणतात. हे घरी बारीक सॅंडपेपरवर घासून नीट होतं असे व्हिडिओ खूप आहेत. स्वस्त पेनावर शिका, जरूर शिका, पण सोन्याच्या निबेला घरी घासू नका, टोकावरचा कण एकदा गेला की परत येत नाही. निब बदलून मिळत असेल तर ती घ्या, नाहीतर निब घासणाऱ्या कारागिराकडे द्या.

नोंदवही ठेवा, मोबाईलमध्ये नको, वहीत

एका पेनाला एक पान. पेन कधी आलं, कुणाकडून, निब कुठली, वजन, पहिली शाई कुठली, आणि मग लिहिता लिहिता जे जाणवेल ते तारखेसह. "तिसरा दिवस, टोपण आठ तास बंद होतं तरी लगेच चाललं." "सहावा दिवस, टोपण मागे लावलं की मागे झुकतं, न लावता बरं." "अर्धी शाई संपल्यावर जरा जास्त ओलं लिहितंय." असं. हीच नोंद पुढे मित्रांना पाठवायच्या मजकुराचा कच्चा माल होते, वेगळं काही लिहावंच लागत नाही. आणि प्रत्येक पेनाने त्याच पानावर तोच नमुना लिहायचा. माझा नमुना असा, एका अक्षराची पूर्ण बाराखडी, मग क्ष, ज्ञ, ष्ट्र, ह्र, मग शिरोरेखा न मोडता एक लांब ओळ, मग भराभर लिहिलेल्या तीन ओळी. वेगात लिहिल्याशिवाय फीड शाई पुरवतंय का ते कळत नाही. व्हॅक्युमवाल्या पेनांत, म्हणजे पायलटचं कस्टम ८२३ वगैरे, मागचा खुंटा थोडा सैल केला नाही तर लांब लिहिताना शाई बंद होते, कारण तिथे आत झडप आहे, हा दोष नाही, तशीच रचना आहे. हे माहीत नसल्याने चांगलं पेन नावडतं झालेलं मी पाहिलंय.

आता दाखवा

शाई संपली, दोन-तीन आठवडे झाले, आता फोटो आणि मजकूर पाठवायला हरकत नाही.

फोटोसाठी खिडकीजवळचा उजेड, थेट ऊन नको, आणि फ्लॅश तर नकोच. काळ्या चकचकीत पेनात सगळी खोली दिसते, त्यावर उपाय म्हणजे पेनाच्या एका बाजूला पांढरा जाड कागद उभा करायचा, मग अंगावर एक सलग स्वच्छ पांढरी रेघ येते आणि आकार उठून दिसतो. सेल्युलॉइडची झळाळी एका फोटोत कधीच येत नाही, पेन हळूहळू फिरवत दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या. माकी-ए म्हणजे सोन्याच्या भुकटीचं जपानी काम असेल तर उजेड बाजूने, तिरका पाडा, तरच त्याचा उठाव दिसतो. निबेच्या फोटोत धूळ फार दिसते, आधी मऊ कापडाने पुसा. पेनाशेजारी एखादं सगळ्यांच्या ओळखीचं पेन ठेवा, लॅमी सफारी ठेवतात बरेच जण, त्याने आकाराचा अंदाज येतो.

पण खरा फोटो लिखावटीचा. नोंदवहीतलं ते नमुन्याचं पान, सरळ वरून, आणि सोबत कागदाचं नाव, शाईचं नाव, निबेची जाडी. कागद सांगितला नाही तर रेघेच्या जाडीला अर्थच राहत नाही, टोमोए रिव्हर या पातळ जपानी कागदावर जी रेघ बारीक दिसते तीच साध्या कॉपियर कागदावर पसरून दीडपट होते. जांभळ्या आणि हिरवट-निळ्या शाया मोबाईलच्या कॅमेऱ्यात हमखास चुकीच्या येतात, तेव्हा "प्रत्यक्षात जास्त निळी आहे" एवढं लिहायला विसरू नका.

मजकुरात किंमत पहिल्या ओळीत नको. कुणी विचारलं तर सांगा, लपवायचंही कारण नाही, पण किंमत आधी आली की पुढची सगळी चर्चा तिचीच होते आणि पेन बाजूला राहतं. पेन का घेतलं, हातात कसं बसतं, शाई कशी देतं, काय आवडलं नाही. शेवटचं टाळू नका, आपल्या आवडत्या पेनाबद्दलही एक खटकलेली गोष्ट असतेच आणि ती सांगितली की बाकीच्या कौतुकावर लोकांचा विश्वास बसतो. फक्त "ही निब वाईट" असं न म्हणता "माझ्या पेनाची निब अशी आली" म्हणा, एका नगावरून सगळ्या कंपनीचं ठरत नाही.

सीरियल नंबर आणि पाकिटावरचा पत्ता झाका. सगळा संग्रह एका फोटोत, मागे घर दिसतंय, असं कधीच टाकू नका. आणि विम्यासाठी प्रत्येक पेनाचा फोटो, पावती आणि नंबर स्वतःजवळ वेगळा ठेवा.

दुसऱ्याने पेन दाखवलं की काय बोलायचं हेही शिकण्यासारखं आहे. तुमच्याकडचं त्याहून मोठं पेन तिथे काढू नका. "कितीला पडलं" याऐवजी "कुठली निब घेतलीत, एम का" असं विचारा, समोरचा खुलून बोलतो, बघा. आणि नवखं कुणी स्टीलच्या निबेचं साधं पेन आनंदाने दाखवत असेल तर त्याला सोन्याचे धडे देऊ नका, त्याच्या लिखावटीकडे बघून काहीतरी खरं बोला.

समोरासमोर भेटलात तर

मला सगळ्यात जास्त आनंद यात मिळतो, चार जण, एक टेबल, प्रत्येकाची पाच पेनं आणि भरपूर कागद. काही गोष्टी पाळायच्या. हात धुवून, कोरडे करून बसायचं. विचारल्याशिवाय टोपण काढायचं नाही, टोपण मागे लावायच्या आधी पुन्हा विचारायचं, कारण उरुशीवर त्याचा ओरखडा कायमचा राहतो. निब दाबून लवते का बघायचं नाही. पिस्टन फिरवायचा नाही. टोपण फिरवून निघतं की ओढून ते आधी विचारून घ्यायचं. आणि टेबलावर पाणी-चहा काही नको, ते दुसऱ्या टेबलावर.

शाईच्या छोट्या बाटल्या, दोन-तीन मिलीच्या, सोबत न्या आणि वाटा. त्यावर नाव आणि तारीख लिहा, महिन्याभराने कुठली निळी ती कुणालाच ओळखता येत नाही.

विमानाने जाताना पेन एक तर पूर्ण भरलेलं न्या नाहीतर पूर्ण रिकामं, आणि निब वर करून खिशात. अर्ध्या भरलेल्या पेनात हवा असते, वर गेल्यावर ती फुगते आणि शाई निबेतून बाहेर ढकलते.

घरी ठेवताना

थोडक्यात सांगतो. एका वेळी चार-पाचांपेक्षा जास्त पेनांत शाई ठेवू नका, बाकीची धुवून, वाळवून आडवी. शाई भरलेली निब वर करून उभी. उरुशी आणि एबोनाइट उन्हापासून लांब. आणि सेल्युलॉइड हवाबंद डब्यात कधीच नाही, जुनं सेल्युलॉइड कालांतराने वायू सोडतं, तो डब्यात कोंडला की त्या पेनाचाही नाश करतो आणि शेजारच्या पेनांचा धातूही खातो. ते वेगळं, हवा खेळती राहील असं ठेवा, महिन्यातून एकदा काढून लिहा. कापराचा हलका वास येणं ठीक आहे, आंबूस झोंबणारा वास यायला लागला तर ते पेन लगेच बाजूला करा.

आणि एखादं पेन हाताला बसलं नाही तर तसंच डब्यात ठेवून देऊ नका, ज्याला बसेल त्याला द्या किंवा विका. देताना पेन धुवून द्यायचं, दोष असेल तर लिहून द्यायचा, आणि नोंदवहीतलं त्या पेनाचं पान काढून सोबत घालायचं. माझ्याकडचं स्नॉर्केल असंच आलं, आधीच्या माणसाने घडी करून एक कागद दिला होता, रबर कधी बदललं, कुठल्या शाया घातल्या, कुठल्या शाईने अडलं, सगळं बारीक अक्षरात. मी त्याच कागदावर खाली माझी तारीख टाकून पुढे लिहायला सुरुवात केली.